गाळ, जाळी आणि हजारातले तीन लिटर

पेटची परीक्षा सुटते, कोर्सवर्क सुरू होतं आणि मग पहिला खरा डोंगर समोर येतो तो विषयाचा. मी पहिल्यांदा जो विषय लिहून दिला होता त्याचं नाव होतं 'जलविद्युत केंद्रांतील पाण्यासाठी सुधारित गाळणयंत्रणा'. नाव भारदस्त होतं. एम.एस्सी.ला पडदे, सच्छिद्र पदार्थ, पृष्ठभागाची रसायनं एवढं शिकून झालं होतं, त्यामुळे हातात हातोडी होती आणि खिळा शोधायचा होता. नदीचं पाणी गढूळ, यंत्रं महागडी, मग मध्ये चांगला फिल्टर बसवायचा. यात चुकण्यासारखं काय आहे?

सरांनी कागद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच विचारलं, "किती पाणी?"

मला आकडा सांगता आला नाही. तुम्ही विषय शोधत असाल तर हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी तो विचारला नाही म्हणून माझे चार महिने गेले. पण त्या चार महिन्यांत जे वाचलं त्यातून एक इतिहास हाती लागला, आणि तो कुठल्या एका पुस्तकात सलग सापडत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

आधी आकडा काढू. कोयनेचा चौथा टप्पा १००० मेगावॉटचा आहे, २५० मेगावॉटचे चार संच. पाण्याची उपयुक्त उंची साधारण ४७५ मीटर धरा, कार्यक्षमता ९० टक्के. शाळेतलंच सूत्र आहे: घनता, गुरुत्वत्वरण, उंची, प्रवाह आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. प्रवाह येतो सेकंदाला सुमारे २४० घनमीटर. घरावरच्या ५०० लिटरच्या काळ्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. दर सेकंदाला तशा पावणेपाचशे-पाचशे टाक्या.

आता एवढं पाणी गाळायचं म्हणजे काय? शहराच्या पाण्यासाठी वाळूची गाळणी वापरायचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात १८०४ मध्ये जॉन गिब याने आपल्या कापड धुलाईच्या कारखान्यासाठी तशी गाळणी केली आणि उरलेलं पाणी गावात विकलं. १८२९ मध्ये जेम्स सिम्पसनने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी मोठी गाळणी बांधली. या संथ वाळू-गाळणीतून पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर एवढंच खाली झिरपतं. मध्यावरचा आकडा घेऊन कोयनेच्या चौथ्या टप्प्याला ती लावून बघा: साडेपाच चौरस किलोमीटरहून जास्त वाळू अंथरावी लागेल. म्हणजे चौदाशे एकर. आपल्याकडे एखाद्या गावाचं शिवार तेवढं असतं.

बरं, वाळू नको, आधुनिक पडदा घेऊ. पडद्यातून पाणी ढकलायला समजा फक्त एक बार दाब लागला. एक बार म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. ४७५ मधले दहा मीटर गेले म्हणजे दोन टक्के, म्हणजे २१ मेगावॉट. गाळण्यासाठी आपण २१ मेगावॉट जाळले, आणि पडदा चोंदला की आणखी जाळणार. जलविद्युत केंद्र उंची विकून जगतं. त्याच्या वाटेत कुणी दहा मीटरचा अडथळा आणून ठेवला तर ते त्याला दारातही उभं करणार नाही.

म्हणजे टर्बाइनवर पडणारं पाणी जगात कुठेच या अर्थाने 'गाळलं' जात नाही. मग शंभर वर्षांहून जास्त काळ ही केंद्रं चालली कशी? इथून खरा इतिहास सुरू होतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट बोरघाटात सुरू होते. सह्याद्रीचं पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली, पण १९०४ मध्ये ते गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये. पुढच्या वर्षी लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून वीज मुंबईला गेली. भारतात याआधी दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये आणि म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रला १९०२ मध्ये जलविद्युत झाली होती, पण खोपोलीची उंची वेगळीच होती. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत सव्वापाचशे मीटरच्या आसपास. तिथे बसवली ती पेल्टन चक्रं. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात लेस्टर पेल्टनने त्याचं पेटंट १८८० मध्ये घेतलं होतं. वाटीच्या जोडीसारख्या बादल्या, त्यांवर पाण्याची धार.

ती धार किती वेगाने येते? उंची ५२५ मीटर धरली तर सेकंदाला सुमारे १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटर. या वेगाच्या पाण्यात वाळूचा कण असला तर तो पाण्यासोबत वळत नाही, सरळ धातूवर जाऊन आदळतो. झीज वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते असं मानतात. म्हणजे वेग दुप्पट झाला की झीज आठपट. हे सगळं बघता खोपोलीच्या बादल्या दोन-चार पावसाळ्यांत खरडून निघायला हव्या होत्या. तसं झालं नाही, कारण वर वळवण, शिरवटा, लोणावळा हे तलाव होते.

हा मुद्दा मला बराच उशिरा कळला. तलाव बांधले ते पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायला. सह्याद्रीवर चार महिने पाणी कोसळतं आणि आठ महिने ओढे कोरडे, त्यामुळे साठा लागणारच. पण साठवलेलं पाणी संथ होतं, आणि संथ पाण्यात कण खाली बसतात. गाळणी कुणी बांधली नव्हती, ती आपोआप झाली होती. तलावातून पुढे कालव्याने पाणी येताना त्यात पडेल ते पान, काटकी, गवत. त्यासाठी पाइपच्या तोंडाशी लोखंडी पट्ट्यांची जाळी. केंद्रातली माणसं तिला ट्रॅश रॅक म्हणतात. पट्ट्यांमधलं अंतर एवढंच की जे अडकलं तर यंत्र थांबेल ते आत जाऊ नये. बाकी सगळं जाऊ द्या, असा हिशोब.

खाली बसण्याचं गणित जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलं होतं. कण पाण्यात पडताना त्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हे वाक्य आपण सगळे पाठ करतो आणि सोडून देतो. मी एकदा वहीत आकडे घालून बघितले तेव्हा माझा निम्मा सिनॉप्सिस तिथेच गळून पडला. ०.०२ मिलिमीटरचा कण सेकंदाला ०.३६ मिलिमीटर, म्हणजे तासाला सव्वा मीटरहून थोडा जास्त खाली जातो. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण मात्र दिवसाला जेमतेम ३१ सेंटिमीटर. दहा मीटर खोल पाण्यात तळाला पोचायला त्याला महिना लागेल, तोही पाणी अगदी निपचित असेल तर. वारा सुटला, वरचं आणि खालचं पाणी तापमानामुळे ढवळलं, की पुन्हा वर. (एक सावधगिरी: वाळूच्या ०.२ मिलिमीटरच्या कणाला हेच सूत्र लावलं तर सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर उत्तर येतं, प्रत्यक्षात तो अडीचच्या आसपास पडतो. त्या आकाराला रेनॉल्ड्स अंक एकाच्या वर जातो आणि स्टोक्सचं गृहीतक मोडतं. व्हायव्हामध्ये हे हमखास विचारतात.)

पुढे १९०४ मध्ये अमेरिकेत ॲलन हेझन यांनी दाखवलं की टाकीत कण बसणार की नाही हे टाकीच्या खोलीवर फारसं अवलंबून नसतं, तिच्या पसरट क्षेत्रफळावर असतं. तलाव चांगली गाळणी का ठरतो, ते इथे कळतं. त्याच्याकडे क्षेत्रफळ असतं, चौरस किलोमीटरनी.

आणि ते क्षेत्रफळ कुणाचं होतं, हा प्रश्न इतिहास वाचणाऱ्याने टाळू नये. टाटांचं भिवपुरीचं केंद्र १९२२ मध्ये आलं आणि भिऱ्याचं १९२७ मध्ये. भिऱ्यासाठी मुळशीला निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाशी धरण होतं, आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट ही नावं तुम्हाला माहीत असतील. बापटांना 'सेनापती' ही उपाधी या लढ्यातूनच मिळाली. भाताची खाचरं पाण्याखाली गेली. तांत्रिक पेपरमध्ये 'जलाशयामुळे पाणी निवळते, वेगळी यंत्रणा लागत नाही' असं एका ओळीत येऊन जातं. त्या ओळीत खर्च शून्य दिसतो, कारण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पडलेला असतो. अभियांत्रिकीचा इतिहास वाचताना 'फुकट' हा शब्द दिसला की मी आता थांबून बघते.

कोयनेचा भाग इथे थोडक्यात सांगते, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. पण एक प्रसंग आपल्या विषयाचा आहे. चौथ्या टप्प्यासाठी शिवाजीसागर रिकामा न करता त्याच्या पोटाशी बोगदा जोडायचा होता. खालून बोगदा खणत तळाजवळ आणला, शेवटचा खडकाचा बुंधा ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजी तो सुरुंगाने उडवला. यालाच लेक टॅपिंग म्हणतात, आणि हे तंत्र नॉर्वेत रुळलेलं. २५ एप्रिल २०१२ ला कोयनेत दुसऱ्यांदा तसंच केलं. सगळ्यांना स्फोट लक्षात राहतो. मला विचारावंसं वाटलं ते हे, की त्या बुंध्याचे दगड गेले कुठे? पाण्याच्या लोंढ्याबरोबर ते टर्बाइनकडे गेले असते तर सगळंच संपलं असतं. त्यासाठी बुंध्याच्या खालच्या अंगाला बोगद्याच्या तळात मोठा खड्डा आधीच खणून ठेवतात, रॉक ट्रॅप. दगड त्यात पडतात आणि कायमचे तिथेच राहतात. जाळी नाही, पडदा नाही, फक्त एक खड्डा योग्य जागी. गाळणयंत्रणा म्हणून मी आतापर्यंत वाचलेल्यांत मला ही सगळ्यात आवडते.

आता हिमालयात जाऊन येऊ. ते केल्याशिवाय आपल्याकडचं वेगळेपण दिसत नाही. सतलजवरचा नाथपा झाक्री हा १५०० मेगावॉटचा प्रकल्प २००३-०४ च्या सुमाराला सुरू झाला. तिथे सह्याद्रीसारखा मोठा तलाव नाही, नदीचं पाणी लगेच वळवून बोगद्यात घ्यायचं. नदी हिमनद्यांनी दळलेली वाळू घेऊन येते आणि त्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर असतं. मोह्‌सच्या मापात क्वार्ट्झचा कठीणपणा ७, म्हणजे साध्या पोलादाला सहज ओरखडे काढेल असा. म्हणून तिथे डोंगराच्या पोटात गाळ बसवण्यासाठी चार प्रचंड कक्ष खोदले. प्रत्येक ५२५ मीटर लांब, १६ मीटर रुंद, २७ मीटर उंच. मशिदी-मंदिरांचे सभामंडप आठवा आणि ते अर्धा किलोमीटर लांब करा. एवढं करून उद्दिष्ट काय, तर ०.२ मिलिमीटरहून मोठे कण काढायचे. त्याहून बारीक कण पुढे जाणार हे गृहीतच. पाण्यात गाळ ५००० पीपीएमच्या वर गेला की केंद्र बंद ठेवतात, आणि टर्बाइनच्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप देतात. कण अडवता येत नाहीत तर धातू कठीण करा, असा तो मार्ग.

असे कक्ष बांधण्याआधी त्यांच्या लहान प्रतिकृती करून पाणी आणि कृत्रिम गाळ सोडून बघतात. हिमालयातल्या अनेक प्रकल्पांसाठी हे काम आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत झालं. ती संस्था १९१६ ची, म्हणजे खोपोलीहून एकाच वर्षाने लहान. कुणाला या क्षेत्रात इंटर्नशिप करायची असेल तर ते नाव लिहून ठेवा. नाशिकची 'मेरी' पण लिहून ठेवा. महाराष्ट्रातल्या धरणांत गाळ किती साचला याचं मोजमाप उपग्रहाच्या प्रतिमांवरून करण्याचं काम तिथे चालतं.

माझी सुरुवातीची चूक आता नीट सांगता येईल. मी वाचत होते हिमालयाचे पेपर, कारण तेच जास्त सापडतात, आणि डोळ्यांसमोर होती तापी. दोन्हीकडचा 'गाळ' एकच समजून बसले होते.

जामनेरला कांग नदी आहे. ती पुढे वाघूरला मिळते, जी अजिंठ्याच्या लेण्यांपाशी घोड्याच्या नालासारखी वळून आपल्याकडे येते. वाघूर तापीला मिळते. पावसाळ्यात पहिला पूर आला की पुलावर उभं राहून बघा, पाणी चहासारखं दिसतं. ही काळ्या मातीची धूप. बेसॉल्ट खडक कुजून झालेली माती, तिच्यात स्मेक्टाइट गटाची चिकणमाती मुख्य. कठीणपणा १ ते २, नखाने खरवडेल अशी. ती पोलादाला कापत नाही. ती फुगते, चिकटते, साचते आणि चोंदवते. (तापीच्या वरच्या खोऱ्यात सातपुड्याकडून येणारी क्वार्ट्झयुक्त वाळूही आहे, हे मान्य. पण जड वाळू जलाशयाच्या शेपटीलाच बसते. भिंतीपर्यंत पोचते ती मुख्यतः बारीक माती.)

आणि ही माती वीजकेंद्रापर्यंत जाते का? जाते. खानदेशातून तापी पश्चिमेला वाहत गुजरातेत उकाईला अडते. उकाईचं धरण १९७२ चं, तिथे ७५ मेगावॉटचे चार संच, कॅप्लान जातीचे. उंची पन्नास मीटरच्या आतली, त्यामुळे धारेचा तो ताशी ३६० चा प्रकार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतांतून निघालेल्या मातीचा मोठा वाटा त्या जलाशयात जाऊन बसतो. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांत तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलीही गावं होती, तीही बहुतेक आदिवासींची. म्हणजे आधी गाव गेलं आणि मग वरच्या शेतकऱ्याची माती तिथे जाऊन बसली. त्याआधी तापी-पूर्णेच्या संगमाखाली आपलं हतनूर आहेच, ४१ दरवाजांचं. त्याच्यात गाळ किती साचतो हे भुसावळ-मुक्ताईनगरच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

खानदेशात गाळ नेहमी शत्रू नव्हता, हेही सांगायला हवं. पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाटाने पाणी यायचं, त्यासोबत बारीक गाळ शेतात पसरायचा आणि पाटात साचलेला गाळ हंगामाआधी शेतकरी एकत्र येऊन काढायचे. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी नेमलेली माणसं असायची. गाळ काढणं हा पाण्याच्या हक्काचाच भाग होता. १८८० चं खानदेश गॅझेटियर चाळलंत तर या बंधाऱ्यांची माहिती मिळेल. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली ती याच जुन्या समजुतीवर उभी आहे. लहान तलावांत ती चालते, जेसीबी उन्हाळ्यात तळात उतरू शकतो. उकाईसारख्या जलाशयात कुठे उतरणार?

तर मग आपल्याकडच्या केंद्रांत गाळणयंत्रणेला काही काम आहे की नाही? आहे, आणि ते एका कोपऱ्यात लपलेलं आहे.

पुन्हा आकडे घ्या. २५० मेगावॉटचा एक संच. त्यातली समजा दीड टक्का ऊर्जा जनित्र आणि बेअरिंगमध्ये उष्णता म्हणून जाते. म्हणजे पावणेचार मेगावॉट. एवढी उष्णता बाहेर काढली नाही तर संच काही मिनिटांत बंद करावा लागेल. ती काढतात पाण्यानेच. थंड करणारं पाणी ५ अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर सेकंदाला सुमारे १८० लिटर लागतं. त्याच संचाच्या टर्बाइनमधून सेकंदाला ६०,००० लिटर जातं. प्रमाण काढा: हजार लिटरमागे तीन लिटर.

हे तीन लिटर गाळावे लागतात. शाफ्टच्या सीलला, जिथे फिरणारा आणि स्थिर भाग एकमेकांना जवळजवळ टेकलेले असतात, तिथलं पाणी तर आणखी स्वच्छ लागतं. बाकी नऊशे सत्त्याण्णव लिटर जसे आहेत तसे जाऊ द्या. दीपनगरच्या औष्णिक केंद्राशी तुलना करा. तिथे बॉयलरच्या पाण्यातले क्षारसुद्धा काढून टाकावे लागतात, कारण पाणी उकळून वाफ झाली की क्षार मागे नळीत राहतात. जलविद्युतला क्षारांशी घेणं नाही. तिला फक्त बारीक नळ्या मोकळ्या हव्यात.

थंड करणारं पाणी सहसा पेनस्टॉकमधून दाब कमी करून घेतात, नाहीतर अवजलातून पंपाने उचलतात. जुन्या केंद्रांत त्याच्या वाटेवर असतो दुहेरी स्ट्रेनर. दोन पिंप शेजारी शेजारी, आत भोकं पाडलेल्या पत्र्याची टोपली. एक चालू, एक राखीव. आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढला की दांडा फिरवून पाणी दुसऱ्या पिंपात वळवायचं आणि पहिली टोपली काढून धुवायची. पावसाळ्यात हे काम पाळीपाळीला. नंतर मोटरने स्वतःच उलटं धुऊन घेणारे स्ट्रेनर आले. आणि त्यांच्याआधी लावायला हायड्रोसायक्लोन: शंकूच्या आकाराचं भांडं, पाणी कडेने तिरकं आत सोडायचं, ते भोवऱ्यासारखं फिरतं, जड कण कडेला जाऊन खाली उतरतात. याचं पहिलं पेटंट १८९१ चं अमेरिकेतलं, पण पन्नास वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला नेदरलँड्सच्या सरकारी कोळसा खाणींनी कोळशाची भुकटी वेगळी करायला ते वापरलं आणि मग सगळीकडे पसरलं. फिरणारा भाग नाही, जाळी नाही, म्हणून चोंदत नाही. हिमालयातल्या वाळूला ते उत्तम. आपल्या चिकणमातीला? कण इतके बारीक आणि ओले, फुगलेले असताना घनता पाण्याच्या इतकी जवळ, की भोवऱ्यातही ते पाण्यासोबतच राहतात. स्ट्रेनरच्या टोपलीतूनही आरामात निघून जातात. आणि कूलरच्या नळीत, जिथे पाणी हळू आहे आणि भिंत कोमट आहे, तिथे थर धरतात.

या थराचाही इतिहास आहे. १९५९ मध्ये कर्न आणि सीटन यांनी एक साधं प्रतिमान मांडलं: थर साचण्याचा वेग आणि वाहत्या पाण्याने तो खरवडला जाण्याचा वेग यांची वजाबाकी. थर जाड होतो तसं खरवडणं वाढतं आणि शेवटी दोन्ही सारखे होतात. १९७२ मध्ये टाबोरेक आणि सहकाऱ्यांनी उष्णतावहनातला हा न सुटलेला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, अशा अर्थाचं शीर्षक देऊन लेख लिहिला. तो शोधून वाचा. पन्नास वर्षं जुना आहे आणि तरी प्रस्तावना कशी लिहावी याचा चांगला नमुना आहे.

जीवही यात येतात. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत जहाजांच्या तळटाक्यांतल्या पाण्यातून झेब्रा शिंपले पोचले आणि वीजकेंद्रांच्या पाइपांत वसाहती करून बसले. दक्षिण अमेरिकेत तेच सोनेरी शिंपल्यांनी केलं, ला प्लाताच्या मुखाशी ते १९९१ मध्ये दिसले आणि दहा वर्षांत नदीने वर चढत इताइपूच्या महाकाय धरणापर्यंत आले. स्ट्रेनरच्या भोकातून शिंपल्याची अळी सहज जाते आणि आत जाऊन मोठी होते. गाळणी किती बारीक असावी हा प्रश्न मग कणाच्या आकाराचा राहत नाही, तो कण आत गेल्यावर काय करतो याचा होतो. चिकणमातीचंही तेच. सुटा कण निरुपद्रवी आहे. तो शेजाऱ्याला चिकटला की त्रास.

आता आमच्या आजीकडे येते. पावसाळ्यात माठात पाणी भरलं की ती तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवायची, आणि सकाळी तळाला लोण्यासारखा रेंदा बसलेला असायचा. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटीतला ॲल्युमिनियम तो प्रभार निष्प्रभ करतो, कण एकत्र येऊन गोळा होतात, आणि गोळा मोठा म्हणून भराभर बसतो. व्यासाचा वर्ग, स्टोक्सचंच गणित. माठात हे हवंहवंसं. पण कूलरच्या नळीत पाण्यातले क्षार थोडे बदलले, जलाशयाच्या तळाचं लोह-मँगनीजवालं पाणी आलं, की नेमकं हेच नको त्या जागी घडू शकतं.

मी विषय दुसऱ्यांदा लिहून दिला तेव्हा शीर्षकातून 'गाळणयंत्रणा' हा शब्द गेला होता. नवीन शीर्षक लांबलचक आणि रुक्ष आहे, त्यात 'स्मेक्टाइट', 'निक्षेपण' आणि 'तांबे-निकेल नळी' असे शब्द आहेत. सरांनी तेही वाचलं आणि पुन्हा विचारलं, किती पाणी. या वेळी सांगता आलं: प्रयोगशाळेत मिनिटाला चार लिटर, एक मीटर लांबीची नळी, बाहेरून कोमट पाण्याचं आवरण.

जूनच्या पहिल्या पुराला कांगेच्या पुलाखालून दोन कॅन भरून आणले. ते आठ दिवस कोपऱ्यात तसेच ठेवले होते. काल पाहिलं, वरचं बोटभर पाणी निवळलंय. खालचं अजून चहाच.